महापालिकेनं वर्षभरात काय सुधारलं, हे घरबसल्या कसं तपासायचं?

प्रश्न असा आलाय: "काका, मी जुळे सोलापुरात राहतो. दरवर्षी मार्च-एप्रिल आला की महापालिकेनं वर्षभरात काय काय केलं त्याचे आकडे वाचायला मिळतात, इतके कोटी, इतके किलोमीटर, इतके टक्के. ते खरे का खोटे हे आमच्यासारख्या साध्या माणसाला कसं कळायचं? आणि खरे असतील तर आम्हाला फरक का जाणवत नाही?"

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठनं बोलतोय ते कळेल. स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात माझी सगळी नोकरी झाली. या जिल्ह्यातनं त्या जिल्ह्यात, नगरपरिषदा, पंचायत समित्या, सगळ्यांची दप्तरं तपासायची, शक म्हणजे आक्षेप लिहायचे आणि पुढच्या गावाला जायचं. सोलापूर महापालिकेत मी कधी नव्हतो, इथं मी फक्त घरपट्टी भरणारा. त्यामुळं खाली जे किस्से येतील ते इथले नाहीत, दुसऱ्या गावांचे आहेत, आणि त्या गावांची नावं मी सांगणार नाही, तेवढं माफ करा.

तर उत्तर असं की आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. आश्चर्य वाटेल पण खोटा आकडा लिहायला लय धाडस लागतं, कारण कधी ना कधी कुणीतरी दप्तर उघडतंच. अडचण वेगळीच आहे. तुम्ही विचारता नळाला पाणी किती वेळ आलं, आणि अहवालात उत्तर असतं पाइप किती किलोमीटर टाकला. तुम्ही विचारता कचरा उचलला का, उत्तर असतं घंटागाड्या किती घेतल्या. पाइप खरा, गाड्या खऱ्या, बिलंपण खरी, फक्त तुमचा प्रश्न तिथंच राहिला. म्हणून अहवाल हातात आला की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक आकड्यापुढं लिहा, हे 'काम' आहे का 'सेवा' आहे. मी सांगतो, चार पानात तीन ठिकाणीसुद्धा 'सेवा' लिहायला मिळाली तर चांगला अहवाल म्हणायचा.

पाण्यापासनंच सुरू करू, सोलापुरात दुसरं कशापासनं सुरू करणार. आपल्याला पाणी येतं तीन ठिकाणाहून, उजनीतनं थेट पाइपलाइननं, भीमेवर टाकळीहून, आणि थोडंफार एकरुखच्या म्हणजे हिप्परग्याच्या तलावातनं, तो तलाव तर इंग्रजांच्या काळातला, १८७१ चा. उजनी एकूण ११७ टीएमसीचं धरण, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, कालव्यात आपोआप न जाणारं पाणी, म्हणून उन्हाळ्यात आपण सगळे "उजनी मायनसमध्ये गेली" असं म्हणतो आणि तरीबी त्या मायनसमधनंच पाणी पितो. टाकळीचं पाणी म्हणजे धरणातनं नदीत सोडायचं, ते नदीतनं लांबवर वाहत यायचं, वाटेत जिरणार, उडणार, मोटारी लागणार, मग बंधाऱ्यात जे उरेल ते आपलं. म्हणून तर उजनीपासनं दुसरी, समांतर पाइपलाइन हवी होती, ११० किलोमीटरच्या आसपास लांब, १७० एमएलडीची. हिच्यावर किती वर्षं भाषणं झाली ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता हा १७० एमएलडी आकडा कसा वाचायचा ते बघा, हे एकदा कळलं की पाण्याचे निम्मे आकडे तुमचे तुम्हाला उलगडतील. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८, म्हणजे ढोबळ दहा लाख धरा. म्हणजे आपल्या शहराला एक एमएलडी = माणशी एक लिटर! इतका सोपा हिशोब फार कमी शहरांना मिळतो. १७० एमएलडी आलं तर माणशी १७० लिटर. आणि भुयारी गटार असलेल्या शहराला सरकारी मानक किती, तर माणशी १३५ लिटर. म्हणजे कागदावर एकट्या नव्या लाइननंच प्रश्न मिटला की ओ. शिवाय जुनी लाइन आहे, टाकळी आहे. मग रोज पाणी का नाही?

कारण हा आकडा उजनीकडचा आहे, तुमच्या नळाचा नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रात येणार, तिथनं उंच टाकीत चढणार, टाकीतनं गल्लीच्या पाइपात उतरणार. टाक्या कमी असल्या तर जास्त आलेलं पाणी ठेवायचं कुठं? गल्लीतला पाइप जुना, चार इंची, त्यावर वीस वर्षांत कनेक्शनं तिप्पट झालेली, तर त्यातनं जाणार किती? गळती वेगळी. मानकात गळती आणि बिनहिशोबी पाणी धरून २० टक्क्यांच्या आत पाहिजे असं म्हटलंय, आणि हे मोजायचं तर मीटर पाहिजेत. मीटरच नसतील तर गळतीचा जो काही टक्का छापलाय तो अंदाजानं लिहिलेला आहे एवढं समजून घ्यायचं. अहवालात पाइपलाइनचा फोटो मोठा असेल आणि टाक्या, अंतर्गत वाहिन्या, मीटर याबद्दल दोनच ओळी असतील तर तुमच्या नळाला फरक पडायला अजून वेळ आहे, इतकं त्यावरनं कळतं.

आणि लोकसंख्येचं पण लक्षात ठेवा. २०२१ ची जनगणना वेळेत झालीच नाही. त्यामुळं 'माणशी लिटर' काढताना कुणी २०११ ची लोकसंख्या धरतं, कुणी अंदाजे आजची. खालचा आकडा लहान धरला की वरचं उत्तर आपोआप मोठं येतं, काही न करता! दोन वर्षांची तुलना असेल तर दोन्हीकडं लोकसंख्या एकच धरलीय का ते बघायचं, तेवढ्यात पुष्कळ प्रगती गळून पडते.

आता दिवसाआडचं गणित. समजा चार दिवसांतनं एकदा पाणी. घरात पाच माणसं. १३५ लिटरच्या हिशोबानं चार दिवसांचं २७०० लिटर साठवायला पाहिजे. बंगलेवाल्याकडं खाली हौद वर टाकी, त्याचं भागतंय, त्याला चार दिवसांनी आलं काय आणि दोन दिवसांनी आलं काय. पण पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं एका खोलीत माग आहे किंवा विड्यांची सुपं पसरलेली आहेत, तिथं दोनशे लिटरचे दोन बॅरल म्हणजे डोक्यावरनं पाणी. चारशे लिटर, पाच माणसं, चार दिवस. माणशी दिवसाला वीस लिटर. शहराच्या सरासरीत दोन्ही घरं सारखीच मोजली जातात. म्हणून मी नेहमी म्हणतो की एमएलडी वाढल्यापेक्षा एक दिवसाचं अंतर कमी झालं ही बॅरलवाल्यांसाठी खरी बातमी, आणि अहवालात ती असेल तर ती आधी वाचा.

हे अंतर तुम्ही स्वतः मोजू शकता, त्याला माहिती अधिकार बिधिकार काही लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरात दारामागं कॅलेंडर टांगलेलं असतं. पाणी आलं त्या तारखेला आमची सौ. निळ्या पेननं गोल करते, गोलात वेळ लिहिते, त्याच्याच खाली दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावली ती तारीख, आणि एखाद्या ठिकाणी 'गढूळ' असा शेरा. तिला मी कधी सांगितलं नव्हतं, तिचं आपलं चालू होतं, मी रिटायर झाल्यावर एक दिवस सहज बघितलं आणि म्हटलं बाई, तू तर माझ्या खात्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं दप्तर ठेवलंयस. वर्षाचे गोल मोजायचे आणि ३६५ ला त्यानं भागायचं. ७३ गोल आले तर पाच दिवसांनी पाणी, ९१ आले तर चार, १२२ च्या आसपास आले तर तीन. पण एवढ्यावर थांबू नका, मे महिन्याचे गोल वेगळे मोजा, श्रावणातले वेगळे. वर्षाची सरासरी चांगली असती आणि मे महिना कोरडा असतो, माणूस मात्र मे महिनाच लक्षात ठेवतो, आणि त्यात त्याचं काय चुकतंय?

गोलातली वेळ का महत्त्वाची ते एका नगरपरिषदेचं सांगतो. तिथल्या वार्षिक अहवालात होतं, पाण्याचं अंतर चार दिवसांवरनं तीन दिवसांवर आणलं. मी पाणी सोडल्याच्या नोंदींचं लॉगबुक तपासलं, एकदम बरोबर. पण वेळेचा रकाना वाचत गेलो तर बऱ्याच भागात वेळ रात्री दीड, पावणेदोन, अडीच. रात्री विजेचा दाब बरा मिळतो, पंप नीट चालतो, म्हणून पाळी रात्री सरकवलेली. अंतर कमी झालं हे खरं. बायका अडीचला उठून पाणी भरून परत सहाला डबे करायला उठायला लागल्या हेपण खरं, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्याच गावात मी एका चावीवाल्याबरोबर, म्हणजे गल्लीला पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर, एक पाळी फिरलो. खांद्यावर टी आकाराची लोखंडी चावी, खिशात वही. रस्त्याच्या कडेला झाकण उचललं, चावी आत बसवली आणि फिरवायला लागला, तोंडानं मोजतोय, एक, दोन, तीन… सातावर थांबला. म्हटलं का थांबलास? म्हणाला, "साहेब, हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला अकरा फेरे लागतात. पण अकरा दिले की वरच्या टेकावरच्या घरांना थेंब जात नाही. म्हणून सात." मग तो वहीत वेळ लिहितो, 'चालू' आणि 'बंद'. फेरे लिहायला रकानाच नाही. आणि खरं वाटप तर त्या फेऱ्यांवर चाललेलं! तेव्हापासनं मी कुठल्याही गावात गेलो की आधी अभियंत्याला भेटत नव्हतो, चावीवाल्याला भेटत होतो.

बरं, पाण्यात फार अडकलो, पण विषयच तसला आहे. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, फरक का जाणवत नाही. सोलापूर एक शहर नाही, दोन आहेत. ५ मे १९९२ ला हद्दवाढ झाली, बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, देगाव ही गावं आत आली आणि शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. जुनं गावठाण, पेठा, एवढ्याशा जागेत दाटीनं वसलेल्या, आणि भोवती हे मोठं मोकळं रिंगण. गावठाणात एक किलोमीटर गटार टाकलं तर कितीतरी शेकडा घरं जोडली जातात. हद्दवाढ भागात तेच एक किलोमीटर अर्धं तर रिकाम्या प्लॉटांसमोरनं जातं. त्यामुळं शहराचा एकच टक्का छापला की तो कुणाचाच नसतो. तुमच्या जुळे सोलापूरचा वेगळा काढा, शेळगीचा वेगळा, साखर पेठेचा वेगळा. महापालिकेची आठ झोन ऑफिसं आहेत, झोनवार आकडा देणं काही अवघड नाही, त्यांच्याकडं तो असतोच कारण बेरीज त्याच्यावरनंच केलेली असती.

मोजायचं कशाशी, तर त्यासाठी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ साली सेवा पातळीची मानकं काढलेली आहेत. पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाचं पाणी, चारच विषय. पाण्याचं वर सांगितलंच, माणशी १३५ लिटर, चोवीस तास, शंभर टक्के मीटर, बिनहिशोबी पाणी २० टक्के. तक्रारींचं निवारण ८० टक्के, तेबी चोवीस तासांच्या आत. पाणीपट्टीची वसुली ९० टक्के. पुढं १३व्या वित्त आयोगानं अनुदानाला अटच घातली की दरवर्षी ३१ मार्चपर्यंत राजपत्रात छापा, या वर्षी काय गाठलं आणि पुढच्या वर्षी काय गाठणार. म्हणजे तुम्ही जे शोधताय त्याचा साचा सरकारनंच तयार करून ठेवलाय. चकचकीत पुस्तिकेपेक्षा हा तक्ता मागा. मागच्या वर्षी जे लक्ष्य लिहिलं होतं ते आणि या वर्षी गाठलेलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. मी नोकरीत असताना एका ठिकाणी बघितलं, सलग तीन वर्षं लक्ष्याचा रकाना अगदी तोच, टायपिंगच्या चुकेसकट.

तक्रारींच्या टक्क्याला मात्र कधी भुलू नका. 'निकाली' या शब्दाचा अर्थ प्रत्येक ऑफिसात वेगळा असतो. तुमच्या खांबावरचा दिवा बंद आहे, तुम्ही ॲपवर टाकलं, ते आरोग्य विभागाकडं गेलं, त्यांनी "सदर तक्रार विद्युत विभागाशी संबंधित आहे" लिहून बंद केलं. झाली निकाली! तुम्ही परत टाकलं, विद्युत विभागानं "साहित्य उपलब्ध होताच" लिहून बंद केलं. दोन तक्रारी आल्या, दोन्ही निकाली, शंभर टक्के, आणि खांब अंधारातच. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या, एकाच जागेवरनं परत आलेल्या तक्रारी किती, आणि बंद करताना तक्रारदाराला फोन केला का. जिथं परत आलेल्या तक्रारी वेगळ्या मोजतात तिथला टक्का कमी दिसतो, आणि माझ्या अनुभवात तिथलंच काम बरं असतं.

रस्त्यांचं लवकर आटपतो. किलोमीटर मोजू नका, दोष दायित्व कालावधी विचारा. म्हणजे रस्ता केल्यावर अमुक वर्षांत उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. आता तोच रस्ता त्या मुदतीत महापालिकेच्या पॅचवर्कच्या यादीत सापडला तर एकाच खड्ड्याला आपण दोनदा पैसे दिले. दोन याद्या शेजारी ठेवल्या की सापडतं, गणित लागत नाही. आणि आपल्याकडं दुसरं एक, डांबर पडलं की आठ दिवसांत ड्रेनेजवाले नाहीतर केबलवाले जेसीबी घेऊन येतात. त्यावर मी काय बोलू.

कचऱ्याचा आकडा टनात असतो, आणि टनाचा आकडा वजनकाट्यावरनं येतो. ठेका टनावर असेल तर मग बघायलाच नको. एका ठिकाणी मी काट्याच्या पावत्या चाळत बसलो होतो, पावसाळ्यात वजन एकदम वाढलेलं, म्हटलं चला ओला कचरा आहे, भिजला असेल. मग एकाच गाडीच्या दोन पावत्या हाताला लागल्या, मध्ये अकरा मिनिटांचं अंतर. डेपो गावाबाहेर सात किलोमीटर! ती गाडी रिकामी होऊन, गावात येऊन, भरून, परत काट्यावर अकरा मिनिटांत? विमान होतं का काय. खोदत गेल्यावर कळलं की तीच गाडी काट्यावरनं उतरून वळसा मारून परत चढवलेली, आणि काही गाड्यांत खाली मुरूम. हे पकडायला मी काही हुशार नव्हतो, पावतीवर वेळ छापलेली होती आणि कुणीतरी ती वाचली, एवढंच. त्यामुळं टनाऐवजी घरं मोजायला सांगा. किती घरांसमोर गाडी रोज आली, आणि किती घरांतनं ओला-सुका वेगळा आला. आणि वेगळा घेतलेला कचरा गाडीत एकाच कप्प्यात पडतोय का ते तर गॅलरीत उभं राहूनसुद्धा दिसतं.

आता पैसे. बजेटच्या बातम्या वाचूच नका असं म्हणणार नाही, पण बजेट म्हणजे इच्छा. त्यात तीन रकाने असतात, मागच्या वर्षाचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचं सुधारित, येत्या वर्षाचा अंदाज. पेपरात हेडिंग येतं तिसऱ्याचं. तुम्ही पहिला वाचा. दोन वर्षांपूर्वी जो मोठा अंदाज जाहीर झाला त्यातलं प्रत्यक्षात खर्ची किती पडलं, आणि पडलं ते वर्षभर पडलं का सगळं मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात. मार्चमधली बिलं बघताना आम्ही मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात, ते आधी मागायचो, कारण त्या पंधरवड्यात अभियंत्यानं एका दिवसात सहा ठिकाणी जाऊन टेप धरून मोजमापं घेतलेली असायची, आणि ठिकाणं गावाच्या चारी दिशांना.

मालमत्ता कराच्या वसुलीत एक फसगत नेहमीची. समजा चालू वर्षाची मागणी १०० कोटी आणि जुनी थकबाकी ३०० कोटी. वसूल झाले १२० कोटी. "विक्रमी वसुली" असं छापून येतं, आणि विक्रम असेलही. पण एकूण मागणी ४०० कोटी, त्याच्या तीस टक्केच आले. अजून आत जा, त्या १२० मध्ये ७० कोटी अभय योजनेत शास्ती माफ करून जुन्या थकबाकीचे आलेत, म्हणजे चालू मागणीतले पन्नासच. या वर्षीचा निम्मा कर आलेलाच नाही, कारण न भरणाऱ्यांना ठाऊक आहे की दोन-तीन वर्षांनी परत अभय येणारच. आणि आम्ही एप्रिल-मेमध्ये रांगेत उभं राहून सवलत घेऊन भरतो ते येडे. (हे आकडे उदाहरणाचे आहेत, सोलापूरचे नव्हेत, उगाच कुठं फॉरवर्ड करू नका.)

स्मार्ट सिटीबद्दल पण बरेच जण विचारतात. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत आपण निवडून आलो, आणि ३१ मार्च २०२५ ला ते मिशनच संपलं. आता तिथं झालं किती हे विचारण्यात मला फार रस नाही. आता विचारायचं की जे झालंय त्याची देखभाल कुठल्या लेखाशीर्षातनं. कारंजं, दिवे, कॅमेरे, सेन्सर, हे सगळं बांधायला वरनं पैसा आला, चालवायला मात्र घरपट्टीतनंच जाणार. बजेटात 'देखभाल व दुरुस्ती' या नावापुढं आकडा वाढलेला नसेल तर त्या वस्तूंचं पुढं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र खरंच बरी झालीय आणि ती कबूल केली पाहिजे. जन्म-मृत्यूचे दाखले, नळाचं कनेक्शन, मालमत्तेवर नाव लावणं, असल्या कामांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दिवस ठरवून दिले. ठरलेल्या दिवसांत काम नाही झालं तर आधी ऑफिसातच दोन अपिलं, मग आयोग, आणि जबाबदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारापर्यंत दंड. पूर्वी एका दाखल्यासाठी चार चकरा म्हणजे नशीब चांगलं म्हणायचं. आता अर्जाची पोच मागितली की टेबलापलीकडचा माणूस सरळ बसतो. बऱ्याच लोकांना हा कायदा माहितीच नाही, ते अजून ओळख काढत बसतात. अहवालात या सेवांचे 'मुदतीत दिलेले' आणि 'मुदतीनंतर दिलेले' असे दोन आकडे असतील तर ते जरूर बघा, ही खरी सेवा.

अजून एक, तुलना करताना कोणाचं वर्ष आहे ते बघा. मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. प्रशासक म्हणजे प्रस्ताव ठेवणारा पण तोच आणि सभा म्हणून मंजूर करणारा पण तोच. निर्णय पटपट होतात हे खरं, मी नाही म्हणत नाही, पण त्या काळातल्या अहवालावर सभागृहात उभं राहून "हे कुठं झालंय ते दाखवा" म्हणणारं कुणी नव्हतं. आता १०२ जण निवडून आलेत. तुमच्या प्रभागातल्यांना अभिनंदनाचा बुके दिला असेल तर आता झोनवार सेवा पातळीचा तक्ता सभेत मागायला सांगा. १९३० साली याच शहराच्या नगरपालिकेनं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इमारतीवर तिरंगा लावला होता, तक्ता मागणं त्यामानानं सोपं आहे.

आता कागद कुठले मागायचे. महापालिका अधिनियमात कलम ६७-अ आहे, त्याप्रमाणं दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरण स्थितीचा अहवाल सभेपुढं ठेवायचा असतो. नाव पर्यावरणाचं आहे म्हणून कुणी वाचत नाही, पण पाणी किती, सांडपाणी किती निर्माण होतं, देगाव-कुमठे-प्रतापनगरच्या केंद्रांत त्यातलं किती शुद्ध होतं, कचरा किती, हे सगळं त्यातच सापडतं, आणि पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून बघायला याच्यासारखं दुसरं नाही. दोन्हीकडं एकाच गोष्टीचे दोन आकडे सापडले की तिथं बोट ठेवायचं.

उरलेलं माहिती अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हे विसरून लोक पाच पानी निबंध लिहितात आणि अर्ज परत येतो. "पाणीपुरवठ्यात काय सुधारणा केली" असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून पुस्तिकाच येईल. कागदाचं नाव घेऊन मागा. 'अमुक प्रभागातील पाणी सोडण्याच्या लॉगबुकच्या १ एप्रिल ते ३१ मार्चच्या प्रती' एवढंच. प्रती फार होत असतील तर आधी अवलोकन मागा, म्हणजे ऑफिसात बसून बघायचं आणि लागेल तेवढ्याच पानांच्या प्रती घ्यायच्या. मग त्या पानांशेजारी घरातलं कॅलेंडर ठेवा. शेजारच्या दोन-तीन घरांतलीपण गोळा करा, एखादी आजी सापडतेच, तिनं भिंतीवर कोळशानं का असेना पण खूण केलेली असती.

आणि अर्जात नुसतं कॉलनीचं नाव लिहू नका, लॉगबुकात कॉलन्यांची नावं नसतात, व्हॉल्व्हचे नंबर असतात. तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठला ते ऑफिसात विचारलंत तर चार टेबलं फिरवतील. पाणी सुटायच्या वेळी खाली जाऊन चावीवाल्याला चहा पाजा, तो नंबर पण सांगेल आणि फेरे पण.